टोइंग करताय, मागे एअरबॅग लावल्यात, आता हवा भरायला पंप कुठला घ्यायचा?

बॉक्सवर "३०० पीएसआय" छापलंय (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) म्हणून पंप उचलू नका. एवढं एकच वाचून उठणार असाल तरी चालेल, पण थोडं थांबलात तर पैसे आणि डोकं दोन्ही वाचेल.

आधी स्पष्ट करून टाकतो की आपण कुठल्या एअरबॅगबद्दल बोलतोय. स्टिअरिंगमधून फुटून बाहेर येते ती नाही. पिकअप ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) आणि चॅसीच्या मध्ये जे रबरी फुगे बसवतात ते. ट्रेलर जोडला की गाडी मागून बसते, पुढचं नाक वर जातं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, स्टिअरिंग हलकं लागायला लागतं, आणि हे सगळं थोडं सरळ करायला या बॅगा असतात. काही गाड्यांना मागे पाटे नसून कॉईल स्प्रिंग असते, तिथे बॅग स्प्रिंगच्या आत जाते. मोठ्या मालवाहू ट्रकांना कंपनीतूनच एअर सस्पेन्शन येतं आणि त्यांचा स्वतःचा कॉम्प्रेसर इंजिनवर असतो, त्यांचा विषय वेगळा, तो इथे नाही.

पायरी १: बॅगेला किती प्रेशर लागतं ते बघा, पंपाचं नंतर

प्रत्येक किटच्या कागदावर दोन आकडे असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. पाट्यांच्या गाडीला लावायच्या नेहमीच्या बॅगा, म्हणजे फायरस्टोनची राइड-राइट किंवा एअर लिफ्टची लोडलिफ्टर ५०००, या ५ ते १०० पीएसआयच्या मध्ये चालतात. कॉईल स्प्रिंगच्या आत जाणारी एअर लिफ्ट १००० घेतली तर तिची वरची मर्यादा फक्त ३५ पीएसआय. म्हणजे तुमच्याकडे कुठली बॅग आहे त्यावर सगळं ठरतं, आणि ३५ वाल्या बॅगेला १५० पीएसआयचा दांडगा पंप लावून अंदाजाने बटण दाबणं म्हणजे बॅग फाडायचीच तयारी.

जिथे प्रेशर बारमध्ये लिहितात तिथल्या लोकांसाठी: १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, १०० पीएसआय म्हणजे ६.९ बार. किलोपास्कल असेल तर १०० पीएसआयला ६९० धरा.

खालचा ५ चा आकडा लोक विसरतात. ट्रेलर सोडला, बॅग पूर्ण रिकामी केली आणि तशीच गाडी पळवली, तर रबराची घडी पडते, ती घडी स्वतःलाच घासते आणि काही महिन्यांनी तिथून हवा जायला लागते. मग लोक म्हणतात बॅग खराब निघाली. रिकाम्या गाडीतही ५ पीएसआय तरी राहू द्या.

पायरी २: बॅगेत हवा मावते किती?

हे कळलं की पंपाबद्दलचे अर्धे गैरसमज आपोआप जातात.

अशी बॅग असते केवढीशी, समजा ३ लिटरची धरू. तिच्यात ६० पीएसआय भरायचं म्हणजे वातावरणाच्या चारपट दाब वरून टाकायचा, म्हणजे बाहेरची साधारण १२ लिटर हवा आत कोंबायची. दोन बॅगा, २४ लिटर. झालं, संपलं. आता मागचा एक टायर घ्या, पिकअपचा जाड टायर ७० लिटरच्या आसपास हवा धरतो, तो ५० वरून ८० पीएसआयवर न्यायचा तर १४० लिटरच्या वर हवा लागते, आणि ती एका टायरला. मागचे दोन म्हटले की २८० च्या पुढे, मग ट्रेलरचे टायर वेगळेच.

म्हणजे बॅगेसाठी लागणारं काम टायरच्या तुलनेत चिल्लर आहे. साधा छोटा पंप, जो मिनिटाला २५-३० लिटर हवा टाकतो असं कागदावर लिहिलेलं असतं, तो दाब वाढल्यावर समजा अर्धीच हवा टाकेल, तरी दोन बॅगांचं काम दोनेक मिनिटांत होतं. इंग्रजी कागदपत्रांत हे सीएफएममध्ये देतात, १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८ लिटर.

म्हणून माझं स्पष्ट मत, पंपाचा आकार टायर बघून ठरवा, आणि पंपाचा गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, बॅग बघून ठरवा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दुकानात सगळे ते एकत्र करून विकतात.

पायरी ३: स्वतःला विचारा, टायरही याच पंपाने भरणार का?

उत्तर नाही असेल, म्हणजे टायरची हवा तुम्ही दुसरीकडे नीट चेक करून निघता आणि पंप फक्त बॅगांसाठी हवाय, तर सायकलचा उभा फ्लोअर पंपसुद्धा चालतो. हसू नका. चांगला फ्लोअर पंप १०० पीएसआयच्या वर आरामात जातो, वर गेज असतो, बॅटरी लागत नाही, फ्यूज उडत नाही, आणि एका स्ट्रोकला थोडीच हवा जात असल्यामुळे हवा तेवढ्याच आकड्यावर थांबवता येते. दोन्ही बॅगा मिळून शंभरच्या आतबाहेर स्ट्रोक होतील, थोडा घाम येईल, बस. बॅगेचा वॉल्व्ह हा गाडीच्या टायरसारखाच श्रेडर वॉल्व्ह असतो, त्यामुळे पंपाचं तोंड श्रेडरला बसणारं आहे ना तेवढं बघा, रेसिंग सायकलवाल्यांचे काही पंप फक्त बारीक प्रेस्टा वॉल्व्हचे असतात.

हाताने नको असेल तर टूलच्या बॅटरीवर चालणारा कॉर्डलेस इन्फ्लेटर मला बॅगांसाठी सगळ्यात सोयीचा वाटतो. ड्रिल मशीनची बॅटरी घरात असेलच तर त्याच कंपनीचा इन्फ्लेटर घ्या. गाडीच्या मागे उकिडवं बसून काम करायचं असतं, पुढच्या सॉकेटपासून वायर ओढत आणायची कटकट नाही. प्रेशर सेट करा, बटण दाबा, तिथे जाऊन तो स्वतः थांबतो. थांबल्यावर तो आकडा खरा आहे की नाही त्याबद्दल खाली सांगतो.

उत्तर हो असेल, म्हणजे टायरही यानेच, तर मग १२ व्होल्टचा नीट कॉम्प्रेसर हवा आणि तो बॅटरीला चिमट्याने जोडायचा असला पाहिजे. कारण साधं आहे. गाडीतल्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक वेळा १० ते २० अँपिअरचा असतो, १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे फक्त १२० वॅट, त्यात मोठा पंप चालूच शकत नाही. वायएअर ८८पी सारखा तुलनेने लहान पंपसुद्धा २० अँपिअरपर्यंत ओढतो आणि म्हणूनच तो चिमट्यांसोबत येतो, त्याची मर्यादा १२० पीएसआय आहे जी आपल्या बॅगांना पुरून उरते. पंप चालवताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरीचा व्होल्टेज पडतो, पंप कण्हायला लागतो आणि ट्रेलर जोडून झाल्यावर गाडीच सुरू होत नाही. मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, धूर बाहेर जायला जागा पाहिजे.

पायरी ४: बॉक्सवरचे आकडे वाचायला शिका

जास्तीत जास्त पीएसआय हा सगळ्यात फसवा आकडा. ३०० पीएसआयचा दावा असलेला खेळण्याएवढा पंप असतो ना, तो कदाचित बंद तोंडावर सुई तिथपर्यंत नेईलही, पण त्या दाबाला हवा जवळजवळ जातच नाही. आपल्याला १०० च्या वर काही नकोच आहे. १२० ते १५० चा प्रामाणिक पंप पुरतो, थोडी वरची जागा एवढ्यासाठी की पंप त्याच्या शेवटच्या टोकाला नेऊन चालवायला लागू नये.

दुसरा आकडा हवेचा प्रवाह. तो शून्य दाबाला दिलाय की ठराविक दाबाला ते बघा. शून्याला सगळेच पळतात, चढावर कोण किती दमतो ते महत्त्वाचं. चांगल्या कंपन्या ३०, ६०, ९० पीएसआयला किती प्रवाह पडतो याचा तक्ता देतात, तक्ता दिलेला नसेल तर थोडं संशयानेच बघा.

तिसरा, आणि टायर भरणाऱ्यांनी यावर खरंच वेळ घालवा, तो म्हणजे ड्यूटी सायकल. ३३ टक्के लिहिलं असेल तर पंप १० मिनिटं चालवून २० मिनिटं गार होऊ द्यायचा. तोही आकडा ठराविक दाबाला आणि ठराविक तापमानाला मोजलेला असतो, बहुतेक वेळा १०० पीएसआय आणि साधारण २२ डिग्री, म्हणजे भर उन्हात तापलेल्या डांबरावर पंप ठेवलाय तर तो त्याच्याआधीच तापणार. आत थर्मल कटऑफ असेल तर पंप आपोआप बंद पडतो आणि गार झाला की परत सुरू होतो, लोकांना वाटतं जळला. कटऑफ नसेल तर मात्र खरंच जळतो. बॅगांसाठी ही भानगडच नाही, दोन मिनिटांत काम संपतं, पण टायरांच्या बाबतीत लहान पंप इथेच मरतात.

आवाज, लाइट, यूएसबी पोर्ट, पंप ठेवायची पिशवी सुंदर आहे, हे सगळं सोडून द्या.

पायरी ५: गेज आणि नळीचं तोंड

नवीन माणूस सगळ्यात कमी लक्ष इथे देतो आणि त्रास सगळ्यात जास्त इथेच होतो.

बॅग लहान असल्यामुळे तिच्यात दाब फटकन चढतो. टायरला दहा सेकंद जास्त हवा गेली तर कळतही नाही, इथे दहा सेकंदांत तुम्ही बरेच पुढे गेलेले असता. आणि पंप चालू असताना जो आकडा दिसतो तो नळीतला असतो, बॅगेतला नाही. बॅगेपर्यंतची नळी बारीक आणि लांब, हवा अडखळत जाते, म्हणून चालू असताना आकडा जास्त दिसतो आणि पंप बंद केला की खाली येतो. म्हणून ऑटो-स्टॉपवाल्या पंपाने थांबल्यावर पाच सेकंद थांबून परत वाचायचं, कमी असेल तर परत थोडं. थोडं भरा, थांबा, वाचा. एवढंच.

दुसरी गंमत म्हणजे टायरसाठी वापरतो तसा वेगळा गेज घेऊन मधेमधे दाब तपासत बसलात तर दर वेळी दोन-तीन पीएसआय सहज निघून जातात, कारण एवढ्याशा बॅगेतून गेजमध्ये आणि बाहेर गेलेली फुसकन हवासुद्धा तिच्यासाठी बरीच असते. काल ६० भरले आज ५७ दिसतायत म्हणून घाबरून लीक शोधत बसणारे बरेच असतात, लीक वगैरे काही नसतं, तपासल्यामुळेच गेलेली असते. म्हणून गेज पंपालाच जोडलेला असावा, आणि शक्यतो नळीवर हवा सोडायचं बारीक बटण असावं, म्हणजे तोंड न काढताच कमी-जास्त करता येतं.

गेजची रेंज तुमच्या बॅगेला साजेशी हवी. ३५ पीएसआयच्या बॅगेला २०० पर्यंतचा काटा असलेला गेज म्हणजे दोन रेघांच्या मध्ये अंदाज लावत बसणं.

तोंड स्क्रूचं की खटक्याचं? पितळी स्क्रूचं घट्ट बसतं पण काढताना आटे सुटेपर्यंत हवा जात राहते, टायरला फरक पडत नाही, बॅगेला पडतो. खटक्याचं पटकन निघतं पण वॉल्व्ह नंबर प्लेटच्या मागे किंवा बंपरच्या खाचेत बसवलेला असेल तर खटका उघडायला जागाच मिळत नाही. आधी आपला वॉल्व्ह कुठे आहे, आजूबाजूला बोटं जातात का ते बघून मगच ठरवा. नळी सरळ जात नसेल तर काटकोनात वळलेलं छोटं अडॅप्टर मिळतं.

गॅरेजमधला टाकीवाला मोठा कॉम्प्रेसर वापरायचा असेल तर रेग्युलेटर आधी बॅगेच्या मर्यादेच्या खाली आणा. टाकीत १२५ पीएसआय भरून तयार असतात आणि ते एका झटक्यात बॅगेत घुसू शकतात. पेट्रोल पंपावर सार्वजनिक हवेची नळी असते तिचंही तेच, हात अगदी हलका ठेवा.

पायरी ६: गाडीतच कायमचा कॉम्प्रेसर बसवायचा का

कॅबमध्ये बसून बटण दाबलं, काटा वर गेला, गाडी मागून उचलली गेली. बघायला फार भारी वाटतं. पण सगळ्यांना त्याची गरज नाही. तुमचा ट्रेलर एकच, वजन जवळपास तेच, वर्षातून मोजक्या वेळा ओढता, तर हातातला पंप बरा. कायमचा कॉम्प्रेसर म्हणजे रिले, फ्यूज, प्रेशर स्विच, चेक वॉल्व्ह, नळ्यांचे जास्तीचे जोड, आणि जितके जोड तितक्या लीकच्या जागा. दिवसातून दोन-तीनदा माल चढतो-उतरतो किंवा कधी हा ट्रेलर कधी तो, अशांसाठी मात्र हा खरंच सुखाचा मार्ग आहे.

बसवणार असाल तर एवढं बघा. डाव्या-उजव्या बॅगेला वेगळी लाइन असावी. एकाच टी जोडाने दोन्ही बॅगा जोडल्या तर वळणावर बाहेरच्या बाजूच्या बॅगेवर भार येतो आणि तिच्यातली हवा आतल्या बाजूच्या बॅगेत पळते, म्हणजे ज्या बाजूला आधार हवा तीच बाजू मऊ पडते आणि गाडी जास्त झुकते. वेगळ्या लाइनने एका बाजूला जास्त माल असेल तर तेही सरळ करता येतं. दुसरं, कमीत कमी ५ पीएसआय राखणारा सेन्सर असलेली सिस्टिम मिळते, ती घ्या. कॉम्प्रेसर चाकांच्या चिखलापासून आणि सायलेन्सरच्या गरमीपासून लांब, आणि त्याचं हवा ओढायचं फिल्टर कोरड्या जागी वर घ्यावं, नाहीतर पहिल्या पाण्यातच पाणी पितो. वायर बॅटरीपासून थेट, फ्यूज बॅटरीजवळ. थंड प्रदेशात गाडी चालवत असाल तर पाणी अडवणारा ट्रॅप लावा, हवेतलं बाष्प नळीत साचून गोठतं आणि मग बटण दाबून काहीच होत नाही.

आणि हो, बॅगांच्या किटसोबत येणारा चिमुकला कॉम्प्रेसर टायरसाठी नसतो. त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

पायरी ७: पंप आला, आता भरायची पद्धत

रिकामी गाडी सपाट जागी उभी करा, चारही चाकांपाशी, प्रत्येक चाकाच्या मधोमध, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मग ट्रेलर जोडा, परत मोजा. मागची बाजू किती बसली, पुढची किती उचलली हे दोन्ही लिहा. आता बॅगेत थोडी थोडी हवा भरत, मागची उंची रिकाम्या गाडीच्या जवळ आणा. अगदी बरोबर तेवढीच यायला हवी असा हट्ट नको, थोडी खाली असली तरी चालतं. जो आकडा जमला तो लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करता येते. हवा भरताना गाडीखाली कोणी नसावं आणि हात बॅगेच्या आसपास नको, गाडी वरखाली होत असते.

आता जिथे बरेच जण फसतात ते. बॅगेने मागची बाजू उचलली म्हणजे पुढच्या चाकांवरचं हरवलेलं वजन परत आलं असं नाही. गाडी सरळ दिसते, पण पुढची चाकं तशीच हलकी असतात. वजन पुढे ढकलायचं काम वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं (हिच म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायचा जोड, या प्रकाराला वजन पुढे वाटून देणाऱ्या सळ्या असतात). तुमच्याकडे ती हिच असेल तर पुढच्या मडगार्डची उंची आधी हिचने सुधारा आणि बॅग शेवटी बारीकसारीक फरकापुरती वापरा, भरपूर हवा भरून गाडी उचललीत तर हिचच्या सळ्यांचा ताण बदलतो आणि केलेली सेटिंग जाते. कुठलं आधी आणि किती, हे हिचच्या आणि बॅगेच्या दोन्ही पुस्तिकांत असतं, वाचा.

हिचवर येणारं वजन साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवं, फिफ्थ व्हील किंवा गूजनेक, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर असेल तर १५ ते २५. ते त्यापेक्षा फार जास्त असेल तर बॅगेत हवा वाढवू नका, ट्रेलरमधला माल सरकवा. आणि बॅग लावल्याने गाडीची कंपनीने ठरवलेली वजनाची मर्यादा एक किलोनेसुद्धा वाढत नाही. बॅगेच्या नावात ५००० असेल, ७५०० असेल, तो आकडा बॅगेचा आहे, तोही पौंडांत. अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर, हिच सगळे जुनेच आहेत.

पहिल्यांदा भरल्यावर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसले की तिथे लीक. बहुतेक वेळा नळी तिरकी कापलेली असते, ती काढून धारदार ब्लेडने सरळ काटकोनात कापून परत दाबून बसवली की थांबतं. रात्रभर ठेवून सकाळी बघा. थंडी पडली असेल तर थोडा दाब तसाही कमी दिसेल, ६० पीएसआयला पाच-सहा डिग्रीच्या फरकाने साधारण दीड पीएसआय हलतो, त्याला लीक समजू नका. एकाच बाजूची बॅग रोज खाली येत असेल तर मात्र आधी वॉल्व्हची पिन घट्ट करा, मग नळीचे दोन्ही टोकांचे जोड, आणि बॅग सगळ्यात शेवटी.

ट्रेलर सोडल्यावर हवा कमी करून ठेवायला विसरू नका, नाहीतर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्याला मागून उडते. ५-१० पीएसआयवर आणून ठेवलं की पुरे, आणि पंप सीटखाली.